हरभऱ्याची मर आणि सोन्याचे कण

वऱ्हाडात हरभरा घाट्यावर यायच्या आधीच शेतात मधूनच एखादं झाड मान टाकतं. आजूबाजूची झाडं हिरवीगार, जमिनीत ओलही असते, आणि हे एकटंच वाळत जातं. उपटून मुळाजवळ उभं चिरलं की आत तपकिरी-काळपट रेघ दिसते. "मर लागली," एवढं म्हणून शेतकरी ते बांधावर फेकतो. ही मर लावणारी बुरशी म्हणजे फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम. पीक नसलं तरी ती जमिनीत वर्षानुवर्षं तग धरते, आणि कपाशीला मर लावते तीही तिचीच एक उपजात. अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ रोजी कृषी विद्यापीठ सुरू झालं, आज त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव आहे. ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची बीजप्रक्रिया, पिकांची फेरपालट, मरीला दाद न देणारे वाण अशा उपायांनी तिथल्या रोगशास्त्रज्ञांनी या बुरशीशी झुंज चालवली आहे. वऱ्हाडाच्या लेखी ती निव्वळ शत्रू.

याच जातीची बुरशी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मात्र कौतुकाने वाढवली जात होती. मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी अबसार अहमद यांना एक साधा प्रश्न पडला होता. सोन्याचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजायचे कण, बनवायला रसायनशास्त्रज्ञ जी तिखट रसायनं वापरतात, त्यांच्याशिवाय ते काम एखादा सजीव करील का? २००१ साली त्यांनी व्हर्टिसिलियम नावाची बुरशी सोन्याच्या क्षाराच्या पिवळ्या द्रावणात टाकली. तिने सोनं केलं खरं, पण आपल्याच तंतूंमध्ये अडकवून ठेवलं. २००२ मध्ये फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरमची पाळी आली, आणि तिने सोन्याचे कण बाहेरच्या पाण्यात मोकळे सोडले. बुरशी गाळून काढली की कण हातात. त्या चमूतले प्रियब्रत मुखर्जी पुढे अमेरिकेत गेले आणि सोन्याचे कण व कर्करोग हाच त्यांचा विषय झाला.

ही विद्या लवकरच वऱ्हाडात आली, पण चांदीच्या रूपात. अमरावतीचं विद्यापीठ १ मे १९८३ चं, त्याला आता संत गाडगेबाबांचं नाव आहे. तिथल्या जैवतंत्रज्ञान विभागात महेंद्र राय यांनी बुरशींकडून धातूचे कण करवून घेण्याचं काम हाती घेतलं. अविनाश इंगळे, अनिकेत गाडे, अलका यादव ही त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं त्या काळच्या शोधनिबंधांवर पुन्हा पुन्हा दिसतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात फ्युजॅरियमची दुसरी एक जात वापरली होती, ती मिळाली होती रोगट आल्यावर. इतकी हाताशी असलेली सामग्री. ब्राझीलमधल्या काम्पिनास विद्यापीठाचे नेल्सन दुरान हेही फ्युजॅरियमवरच काम करत होते. त्यांच्याशी अमरावतीचं सहकार्य जुळलं आणि बरीच वर्षं टिकलं. राय, यादव आणि गाडे यांनी २००९ साली चांदीचे कण जंतुनाशक म्हणून कसे वापरता येतील याचा आढावा लिहिला. जगभरच्या हजारो शोधनिबंधांनी पुढे त्याचा आधार घेतला. मराठी मुलखातल्या जिल्ह्याच्या गावातून निघालेल्या लिखाणाला असा मान क्वचितच मिळतो. अमरावतीने चांदी का निवडली हे मला समजण्यासारखं वाटतं. चांदी स्वस्त, तिचा जंतूंवरचा परिणाम आठवड्याभरात ताटलीवर डोळ्यांना दिसतो, आणि प्रयोगाला उंदीरही लागत नाहीत. सोन्याच्या कणांकडून जे करून घ्यायचं होतं त्याला लेझर, प्राणी आणि दवाखाना असं सगळंच लागणार होतं.

इथे एक कडू गोष्टही सांगून टाकतो. या यशानंतर देशभर 'हरित संश्लेषणा'ची लाटच आली. कडुनिंब, तुळस, चिंच, आवळा, कोरफड, जे पान हाताला लागलं ते उकळून त्यात धातूचा क्षार टाकायचा, रंग बदलला की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा आणि निबंध छापायचा. यातलं पहिलंवहिलं काम खरोखर मोलाचं होतं. त्यानंतरचं बरंचसं त्या फोटोपाशीच थांबलं.

रंग का बदलतो, हे मात्र पाहण्यासारखं आहे. १८५७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसचा प्रयोग करत होता. हाती आलं ते माणकासारखं लाल पाणी. त्याने ताडलं की हे सोनंच आहे, फक्त इतकं बारीक की डोळ्याला कण दिसत नाहीत. त्या बाटल्या आजही त्या संस्थेने जपून ठेवल्या आहेत. सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरींबरोबर मागेपुढे हलतात. कण सूक्ष्म असला की या हलण्याला एक ठरावीक लय असते, आणि प्रकाशाची लय तिच्याशी जुळली की पाळण्याला वेळेवर हात लावल्यासारखं होतं, थोड्या जोरात मोठा झोका. तो प्रकाश कण गिळून टाकतो आणि त्याची उष्णता करतो. गोल कणांची लय हिरव्या प्रकाशाशी जुळते, म्हणून ते लाल दिसतात. कणाचा आकार बदलला की लयही बदलते.

पुण्याच्याच प्रयोगशाळेतून २००४ साली नेमकी ही आकाराची गोष्ट पुढे आली, आणि तीही गवती चहातून. शास्त्री, शिवशंकर, बालाप्रसाद अंकमवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाचा काढा सोन्याच्या क्षारात घातला. चूल नाही, भट्टी नाही, नेहमीच्या तपमानाला गोल कणांऐवजी चपटे त्रिकोण तयार झाले. 'नेचर मटेरियल्स'ने तो निबंध छापला. या त्रिकोणांचं वैशिष्ट्य असं की ते दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडचा, अवरक्ताच्या सुरुवातीच्या पट्ट्यातला प्रकाश गिळतात. पुढच्याच वर्षी याच गटाने खिडकीच्या काचेवर अशा कणांचा थर देऊन उन्हाची धग अडवता येईल का, हे तपासलं. मे महिन्यात अकोल्यात राहिलेल्या माणसाला हा उपयोग कर्करोगापेक्षाही आधी सुचावा!

पण त्या पट्ट्याचं महत्त्व शरीरात जास्त आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन दिसणारा प्रकाश शोषतं आणि पाणी त्यापुढचा लांब लहरींचा अवरक्त प्रकाश शोषतं. या दोहोंच्या मध्ये साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरची एक फट राहते. तिच्यातून प्रकाश मांसात काही सेंटिमीटरपर्यंत शिरू शकतो. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हॅलस यांनी वाळूच्या द्रव्याच्या, म्हणजे सिलिकाच्या, सूक्ष्म गोळीवर सोन्याचं कवच चढवलं आणि कवचाची जाडी अशी ठेवली की लय बरोबर या फटीत बसावी. जेनिफर वेस्ट यांच्याबरोबर त्यांनी २००३ साली दाखवून दिलं की अशी कवचं गाठीत पोचवून बाहेरून लेझर टाकला की गाठ तापून मरते. शेजारची निरोगी पेशी मात्र शाबूत राहते, कारण तिच्यात सोनंच नसतं. उंदरापासून माणसापर्यंत यायला सोळा वर्षं लागली. पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कर्करोग झालेल्या सोळा पुरुषांवरच्या चाचणीचे निकाल २०१९ मध्ये छापून आले. पंधरा जणांवर उपचार पूर्ण झाला आणि त्यांच्या लघवीच्या व लैंगिक तक्रारींत लक्षात येण्याजोगी वाढ झाली नाही. त्या ग्रंथीवर शस्त्रक्रिया झालेल्यांना विचारा, ही बाब किती मोठी आहे ते!

मराठी मुलखातला धागा आता पुण्याहून मुंबईला येतो. सोन्याचा एक दोष म्हणजे ते कुजत नाही, गंजत नाही. दागिन्यात जो गुण, तोच शरीरात अडचण. मोठे कण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसतात आणि बाहेर पडायचं नाव घेत नाहीत. पवईच्या आयआयटीत रोहित श्रीवास्तव यांच्या गटाने यावर वेगळा तोडगा काढला. भरीव सिलिकाऐवजी त्यांनी स्निग्ध पदार्थाचा सूक्ष्म फुगा, म्हणजे लायपोसोम, घेतला आणि त्यावर सोनं चढवलं. प्राण्यांवरचं काम खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात अभिजित डे यांच्याकडे झालं. अरविंद रेंगन हे निबंधाचे पहिले लेखक. २०१५ साली 'नॅनो लेटर्स'मध्ये आलेल्या त्या निबंधात दोन गोष्टी सिद्ध झाल्या. ७५० नॅनोमीटरच्या लेझरने उंदरांमधल्या गाठी पूर्ण नष्ट झाल्या, आणि काम झाल्यावर सोन्याची कवचं यकृतातल्या पेशींत फुटून त्यांचे तुकडे पित्तावाटे आणि मूत्रावाटे शरीराबाहेर पडू लागले. माझ्या मते या सगळ्या इतिहासात भारतीय हातांनी केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम हेच. गाठ मारण्याची करामत पुष्कळांनी केली होती. मारल्यावर आत घातलेलं सोनं परत कसं काढायचं, हा घरातल्या कर्त्या माणसाला सुचणारा प्रश्न इथे विचारला गेला.

तरीही प्रकाशाची मर्यादा राहतेच. जिथे लेझर पोचेल तिथली गाठ मरेल. पण कर्करोगाने माणूस दगावतो तो बहुधा इतरत्र पसरलेल्या पेशींमुळे, आणि त्या कुठे आहेत हेच माहीत नसतं. इथे दुसरी, जास्त जुनी कथा येऊन मिळते.

१८९१ च्या जानेवारीत, न्यूयॉर्कमध्ये उपचार घेतलेली बेसी डॅशियल नावाची सतरा वर्षांची मुलगी हाडाच्या कर्करोगाने गेली. तिच्यावर शस्त्रक्रिया करणारा विल्यम कोली तेव्हा नुकताच डॉक्टरीला लागला होता. मुलीच्या मृत्यूने अस्वस्थ होऊन तो जुनी कागदपत्रं चाळत बसला. त्यात त्याला एक रुग्ण सापडला. त्याच्या मानेची गाठ शस्त्रक्रियेने हटेना, पण त्याला धावरं, म्हणजे कातडीचा जंतुसंसर्ग, झालं, फणफणून ताप आला आणि गाठ विरून गेली. कोलीने तो माणूस शोधून काढला. तो ठणठणीत होता. मग कोलीने त्याच वर्षी एका रुग्णाला मुद्दाम धावऱ्याचे जंतू टोचले, आणि पुढे मेलेल्या जंतूंचं मिश्रण वापरायला सुरुवात केली. काही रुग्ण बरे झाले, काहींना त्रास झाला, आणि का ते कुणालाच सांगता येईना. रेडिएशन आल्यावर वैद्यकाने कोलीला अडगळीत टाकलं. उष्णता आणि प्रतिकारशक्ती मिळून गाठीला हरवू शकतात, ही शंका मात्र तेव्हापासून मागे राहून गेली.

प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी कर्कपेशींना का सोडून देतात, याचं उत्तर यायला शंभर वर्षं गेली. या पेशींवर लगाम असतात. ते नसते तर त्या आपल्याच अवयवांवर तुटून पडल्या असत्या. गाठ हे लगाम हुशारीने ओढून धरते. अमेरिकेतले जेम्स ॲलिसन आणि जपानमधले तासुकू होन्जो यांनी दोन वेगवेगळे लगाम शोधले आणि ते सैल करण्याची वाट दाखवली. त्यावरून बनलेल्या अँटिबॉडी २०११ पासून बाजारात येऊ लागल्या आणि २०१८ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. पण लगाम सुटला तरी घोडा धावेलच असं नाही. पुष्कळ गाठींत टी-पेशी फिरकतच नाहीत, कारण तिथे परकं काही आहे हे त्यांना कुणी कळवलेलंच नसतं.

ते कळवण्याचं काम तापलेलं सोनं करू शकतं. उष्णतेने पेशी फुटली की तिच्या आतली प्रथिनं बाहेर सांडतात. त्यांतली काही फक्त कर्कपेशीतच असतात. सोबत धोक्याचे रासायनिक संकेतही सुटतात. पहारेकरी पेशी ते उचलून लसीकाग्रंथीत नेतात आणि टी-पेशींना ओळख पटवून देतात. मेलेली गाठ अशा रीतीने जागच्या जागी लसच बनते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तुआन व्हो-दिन्ह यांच्या गटाने चांदणीसारखे टोकदार सोन्याचे कण बनवले होते. २०१७ मध्ये त्यांनी मूत्राशयाच्या डॉक्टरांबरोबर ते लगाम सोडवणाऱ्या अँटिबॉडीच्या जोडीने वापरले. उंदरांच्या दोन्ही कुशींत गाठी वाढवल्या होत्या आणि लेझर एकाच बाजूला टाकला. प्रकाश न लागलेल्या बाजूची गाठही काही उंदरांत आटली. पूर्ण बऱ्या झालेल्या एका उंदराला काही महिन्यांनी पुन्हा कर्कपेशी टोचल्या, तेव्हा गाठ धरलीच नाही. नुसत्या अँटिबॉडीने किंवा नुसत्या उष्णतेने हे साधलं नव्हतं. पुढे अनेक देशांत असे प्रयोग झाले. ही जोडी आजही प्रयोगाच्या टप्प्यावरच आहे, हे इथेच स्पष्ट सांगायला हवं. सोन्याचं भस्म 'नॅनो' म्हणून विकत कर्करोग बरा करण्याचा दावा कुणी केला, तर त्याचा या संशोधनाशी काडीचाही संबंध नाही.

आणि वऱ्हाडातला रुग्ण? सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भात पानठेल्यावर सहज मिळतो. तो वर्षानुवर्षं गालात धरला की आतली कातडी आखडते, तोंडात दोन बोटंही जाईनाशी होतात, आणि पुढे तिथेच गाठ येते. हे नवं नाही. परळचं टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत खानोलकरांकडे आली. त्यांनी आणि डॉ. सूर्याबाईंनी १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं की या देशातले काही कर्करोग माणसाच्या सवयींतून येतात, तंबाखू तोंडात धरण्यापासून ते धोतर कमरेला करकचून बांधण्यापर्यंत. वऱ्हाडाची माणसं आजही बडनेऱ्याला किंवा अकोल्याला रात्रीची गाडी धरतात आणि सकाळी दादरला उतरतात. पुष्कळजण तिथल्या गाडगे महाराज धर्मशाळेत टेकतात. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात अमरावतीत चांदीच्या कणांवर संशोधन झालं, त्यांच्याच नावाच्या छपराखाली टाटातले कर्करोगी राहतात. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. ते स्वतः ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला याच रोगाने गेले.

तोंडाचा कर्करोग सोन्याच्या उपचाराला खरं तर सोयीचा. पुरःस्थ ग्रंथीपर्यंत प्रकाशाची तार आत घालावी लागते, गालातली गाठ समोर दिसते. पण खर्ऱ्याने ज्याचा जबडाच आखडला आहे, त्याच्या गालापर्यंत प्रकाश न्यायचा तर तिथेही केसासारखी बारीक तार लागणार. हे जमण्यासारखं आहे. सोन्याचा खर्चही मोठा नाही, कारण लागणारं सोनं नगण्य असतं. अडतं ते अँटिबॉडीपाशी. टाटातल्याच डॉक्टरांनी लिहिलं आहे की आपल्यासारख्या देशांत डोके-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात ही मान्यताप्राप्त औषधं शंभरातल्या एक ते तीन रुग्णांनाच परवडतात.

म्हणून परळच्या विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच उलटा करून पाहिला. कंपनीने ठरवलेला डोस खरंच लागतो का? निव्होलुमॅब या अँटिबॉडीचा प्रचलित डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिला, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या जुन्या, स्वस्त गोळ्या. १५१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून निम्म्यांना फक्त गोळ्या आणि निम्म्यांना गोळ्यांबरोबर ही अँटिबॉडी, अशी चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आले. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांतले १६.३ टक्के हयात होते, अँटिबॉडीवाल्यांतले ४३.४ टक्के.

या आकड्याने परळच्या बाह्यरुग्ण विभागात आशेला जागा मिळाली, आणि त्याच आकड्यात उरलेल्या जवळपास ५७ टक्क्यांचा हिशेबही आहे. लगाम सैल होऊनही त्यांच्यातल्या अनेकांच्या टी-पेशींनी बहुधा गाठीकडे पाहिलं नाही. गाठ आधी थोडी तापवून त्यांच्या नजरेस आणायची, ही यावर पुढे आलेल्या उपायांपैकी एक वाट आहे. तिच्यासाठी लागणारे, काम झाल्यावर विरून जाणारे सोन्याचे फुगे पवई आणि खारघरच्या मधल्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या अंतरात २०१५ सालीच तयार झाले आहेत.